एक कोयता, दोन माणसं आणि काळ्या पट्ट्या

ऊसतोड कामगारांवरच्या शॉर्ट फिल्म तुम्ही यूट्यूबवर पाहिल्या असतील. बीड जिल्ह्यात राहत असाल तर त्यातली एखादी तुमच्या मित्रानेच केलेली असेल. कथा वेगवेगळ्या असतात. कुणाची शाळा सुटते, कुणाची उचल फिटत नाही, कुणी फडातच बाळंत होते. चित्र मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखं. पहाटेच्या धुक्यात ड्रोन उसावरून सरकतो. मग स्लो मोशनमध्ये कोयता. मग हातावरच्या भेगांचा क्लोजअप, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. बासरी. आणि हे सगळं चालू असताना पडद्याच्या वर-खाली दोन काळ्या पट्ट्या.

मला त्या पट्ट्यांबद्दल बोलायचं आहे. फिल्म करणाऱ्या पोरांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘सिनेमॅटिक वाटतं.’ बरोबरच आहे, वाटतं. थेटरातला पडदा आडवा, लांबच लांब असतो. आपला व्हिडिओ तसा दिसला की तो मोबाइलवर काढलेला वाटत नाही. पण हिशेब करून बघा. नेहमीचा फुल एचडी व्हिडिओ १९२० बाय १०८० पिक्सेलचा. त्याला २.३९ : १ या सिनेमाच्या प्रमाणात बसवायचं तर उंची उरते साधारण ८०३. म्हणजे २७७ ओळी काळ्या रंगाखाली गेल्या. चित्राचा चौथा हिस्सा आपणच काढला आणि आपणच झाकला. त्यात गंमत अशी की आजकालचे बरेच फोन आडवे धरले की २० : ९ असतात, म्हणजे मुळातच सिनेमाच्या पडद्याच्या जवळचे. त्यावर ही पट्ट्या भाजलेली फाइल लावली की डावी-उजवीकडेही काळं येतं. चारी बाजूंनी काळी चौकट आणि मध्ये सिनेमा. वर्तमानपत्रातल्या भावपूर्ण श्रद्धांजलीसारखा.

झाकलेल्या त्या चौथ्या हिश्श्यात काय गेलं, हा माझा प्रश्न आहे. उसाच्या फडात काम उभं असतं. ऊस माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला. तोडणारा कमरेत वाकून बुडाशी घाव घालतो, म्हणजे पाय आणि माती चौकटीत हवेत. मोळी बांधली की ती डोक्यावर जाते. मग ट्रकला लावलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर चढायचं. खाली पाय, फळी, वर डोकं, त्याच्यावर मोळी, आणि हे सगळं एकाच वेळी दिसलं तरच ते काम काय आहे ते कळतं. आडव्या पट्टीत यातलं काहीतरी एकच मावतं. म्हणून या फिल्मांमध्ये एकतर नुसते पाय दिसतात किंवा नुसता चेहरा. मोळी उचलणारी बाई दिसते, मोळी दिसत नाही.

याउलट ऊसतोड कामगार स्वतः फडातून रील टाकतात, त्या बघा. उभा फोन, उभी चौकट. गाणं लागलेलं, मागे पाचट, आणि डोक्यावरच्या मोळीसकट बाई पूर्ण मावलेली. कुणी शिकवलं नव्हतं, फोन तसाच धरायचा असतो म्हणून धरला. तरी कामाला ती चौकट जास्त न्याय देते.

इथवर वाचून वाटेल की मी आडव्या पडद्याच्या विरोधात आहे. नाही. उलट माझं म्हणणं असं आहे की बीडच्या ऊसतोडीला आडव्या चौकटीची फार गरज आहे. आपण ती मिळवतो चुकीच्या रस्त्याने आणि वापरतो चुकीच्या कामाला. ते सांगण्यासाठी आधी थोडं यंत्रात शिरावं लागेल.

*

सिनेमाचा आडवा पडदा मुळात कापून आला नाही, तो दाबून आला. आंरी क्रेत्याँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात एक भिंग बनवलं. ते समोरचं रुंद दृश्य आडव्या दिशेने दाबायचं आणि नेहमीच्या चौकोनी फिल्मवर बसवायचं. दाखवताना प्रोजेक्टरपुढे उलटं भिंग लावायचं, की दृश्य पुन्हा पसरायचं. हॉलिवूडने हे तंत्र विकत घेतलं, सिनेमास्कोप असं नाव दिलं, आणि १९५३ मध्ये ‘द रोब’ आला. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्तने ‘कागज के फूल’ याच पद्धतीने केला, छायाचित्रण व्ही. के. मूर्तींचं. स्टुडिओत वरून उतरणारा उजेडाचा तो झोत सगळ्यांना आठवतो. मला त्याच्या आजूबाजूचा अंधार आठवतो. एवढा लांब पडदा आणि त्यातला बराचसा रिकामा. तो रिकामेपणा नसता तर मध्ये उभी असलेली माणसं इतकी एकटी वाटली नसती.

दाबायच्या या पद्धतीला अ‍ॅनामॉर्फिक म्हणतात. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनी हा शब्द ऐकला नसेल, पण प्रकार पाहिलेला असतो. जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर स्कोपचं भिंग लावायला विसरला की हिरो, हिरॉइन, घोडे, सगळेच बांबूसारखे उंच आणि काटकुळे दिसायचे आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. (या तंबू टॉकीजचे शेवटचे दिवस पाहायचे असतील तर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा २०१६ चा माहितीपट शोधा. तो महाराष्ट्रातलाच आहे.)

कापून रुंदी मिळवायची वाटही जुनी आणि प्रतिष्ठित आहे. ‘शोले’ ३५ मिमीवर चित्रित केला आणि मग ७० मिमीवर मोठा केला. त्यामुळे काळ्या पट्ट्या म्हणजे फसवणूक, असं काही नाही. फरक एवढाच की दाबण्यात वरचं-खालचं काही जात नाही. कापण्यात जातं, आणि काय जाऊ द्यायचं ते आधी ठरवावं लागतं. आपल्या फिल्मांमध्ये ते एडिटिंगच्या वेळी, पीएनजीची पट्टी वर टाकताना ठरतं. खरं तर ठरतच नाही.

*

आता कॅमेऱ्याकडे. तुमच्या फोनवर ‘५० मेगापिक्सेल’ असं लिहिलेलं असेल. एखादा फोटो काढा आणि त्याची माहिती उघडा. बहुधा साडेबारा मेगापिक्सेलच निघतील. उरलेले कुठे गेले? सेन्सरवर शेजारशेजारच्या चार पिक्सेलवर एकाच रंगाचं झाकण असतं आणि फोन त्या चारांचं मिळून एक माप घेतो. याला बिनिंग म्हणतात. चार पायल्या एका पोत्यात ओतल्या आणि पोतं एकच मोजलं, तसं. (मराठीत ‘बिन’ म्हणजे ‘शिवाय’, बिनपगारी, बिनखात्याचा. तो अर्थही इथे फार दूरचा नाही.)

बिनिंग वाईट नसतं. उजेड कमी असला की एकेक पिक्सेल भरवशाचा राहत नाही, चित्रात रवाळ गोंगाट येतो. चारांची सरासरी घेतली की तो गोंगाट साधारण निम्म्यावर येतो. फडावरचा दिवस उजाडायच्या बराच आधी सुरू होतो. कोपीपुढे चुलीच्या उजेडात भाकरी थापणारी बाई आज साध्या फोनवर जी काही दिसते, ती बिनिंगमुळे दिसते. किंमत एवढीच की चौघांमध्ये एखादा वेगळं काही सांगत असेल तर त्याचं म्हणणं सरासरीत बुडतं.

सरासरीपेक्षा वाईट प्रकार म्हणजे वगळणं. दहा-बारा वर्षांपूर्वीचे स्वस्त कॅमेरे व्हिडिओ काढताना हेच करायचे. कॅननचा ईओएस एम घ्या, २०१२ चा छोटासा कॅमेरा, आज सेकंडहँड स्वस्तात मिळतो. त्याचा सेन्सर ५१८४ बाय ३४५६, म्हणजे १८ मेगापिक्सेल. एवढे पिक्सेल सेकंदाला चोवीस-पंचवीस वेळा वाचायची त्याची ताकद नाही. म्हणून व्हिडिओत तो आडव्या ओळींपैकी दर तिसरी ओळ वाचतो, मधल्या दोन सोडून देतो. वाचलेल्या ओळीत तीन-तीन पिक्सेलची सरासरी घेतो. सोडलेल्या ओळींमध्ये काय होतं हे त्याला कधीच कळत नाही. बारीक रेघांचं काही समोर आलं, जसं लुगड्याचे काठ, पत्र्याचं छप्पर किंवा उसाचं पान, की तिरप्या कडांना पायऱ्या पडतात आणि नसलेल्या लाटा आणि रंग दिसायला लागतात. याला मॉयरे म्हणतात. उसाचा फड म्हणजे हजारो तिरप्या, पातळ, एकमेकांवर पडलेल्या रेघा. ओळी सोडून वाचणाऱ्या कॅमेऱ्याची यापेक्षा कडक परीक्षा घेता येणार नाही. त्या काळातल्या व्हिडिओंमध्ये ऊस हलताना झिणझिण्या आल्यासारखा थरथरतो, तो वाऱ्याने नव्हे.

या कॅमेऱ्यांवर चालणारं मॅजिक लँटर्न नावाचं एक मोफत, कंपनीबाहेरच्या लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे. ट्रॅमेल हडसन याने ते २००९ मध्ये कॅननच्या ५डी मार्क २ साठी सुरू केलं. पुढे जगभरातल्या हौशी प्रोग्रॅमरनी ते वाढवलं. २०१३ मध्ये त्यांनी या कॅमेऱ्यांमधून रॉ व्हिडिओ काढून दाखवला. रॉ म्हणजे सेन्सरने मोजलेलं जसंच्या तसं, १४ बिटमध्ये. एरवी कॅमेरा रंग ठरवतो, कडा टोकदार करतो, सावल्या उजळतो आणि मग दाबून लहान फाइल बनवतो. फोन तर याच्याही पुढे जातो, चेहरा ओळखून कातडी गुळगुळीत करतो. उन्हात रापलेल्या बाईचा रंग तिच्या परवानगीशिवाय दोन छटा उजळ करणारे फोन आपण सगळ्यांनी पाहिलेत. रॉमध्ये ही लुडबुड नाही. नंतर आपणच त्यावर नारिंगी-निळा फिल्टर मारतो, ती गोष्ट वेगळी.

पुढे याच सॉफ्टवेअरमध्ये एक विचित्र सोय आली. एकास तीन बिनिंग. यात कॅमेरा सगळ्या आडव्या ओळी वाचतो, एकही सोडत नाही. फक्त प्रत्येक ओळीत एकाच रंगाच्या तीन-तीन पिक्सेलचा एक करतो. उंची पूर्ण, रुंदी एक तृतीयांश. उदाहरणार्थ १७३६ बाय २२१४. ही फाइल उघडली की तंबू टॉकीजमधला विसराळू ऑपरेटर आठवतो, सगळी माणसं काटकुळी. मग कंप्युटरवर रुंदी तिप्पट ताणायची. ५२०८ बाय २२१४, म्हणजे २.३५ : १. सिनेमाचा पडदा, आणि वर-खाली वाचलेली एकही ओळ काळ्या पट्टीखाली न घालवता.

हा काटकसरीचा खेळ आहे. वरच्या मापाची न दाबलेली एक फ्रेम १४ बिटमध्ये सुमारे २० एमबी होते. सेकंदाला २४ म्हणजे ४८० एमबीच्या वर. दाबल्यावर तेच १६० च्या आसपास. या कॅमेऱ्याचं कार्ड सहसा सेकंदाला ४० एमबीच्या आसपासच लिहू शकतं. म्हणून अजून आवळावं लागतं. डेटा कॉम्प्रेस करा, बिट कमी करा, शॉट छोटे ठेवा. तरी कार्ड भरून आलं की कॅमेरा मध्येच थांबतो. ज्यांच्याकडे भारी कॅमेरा नाही अशा लोकांनी जुन्या यंत्राला पिळून काढलेली ही युक्ती आहे, आणि म्हणून मला ती आवडते. आज मोशनकॅमसारखी अ‍ॅप चांगल्या अँड्रॉइड फोनवरही रॉ व्हिडिओ काढून देतात. वाट तीच आहे, कार्डाच्या जागी फोन तापतो.

पण तिला अ‍ॅनामॉर्फिक म्हणायचं ते अर्ध्याच अर्थाने. खरं अ‍ॅनामॉर्फिक भिंग दुप्पट रुंद बघतं. त्याच्यात दूरचे दिवे अंडाकृती दिसतात, उजेडाची निळी आडवी रेघ उमटते. एकास तीनमध्ये यातलं काहीच होत नाही. भिंग तेच, दिसतं तेवढंच, फक्त सेन्सरची मोजायची तऱ्हा बदलते. मग पोरं काय करतात? फिल्टरवर मासे धरायचा नायलॉनचा दोरा ताणून बसवतात. समोर टॉर्च आली की निळी रेघ तयार. जुगाड म्हणून झकास आहे. पण फडात पहाटे ट्रॅक्टरच्या हेडलाइटमधून ती रेघ बाईच्या चेहऱ्यावरून सरकते तेव्हा मला तो चेहरा दिसत नाही, दोरा दिसतो.

फडापुरतं सांगायचं तर या पद्धतीत पानांच्या तिरप्या कडा शांत होतात, थरथर जवळजवळ जाते. उसाची उभी कांडी मात्र थोडी मऊ पडते, कारण आडव्या दिशेची बारकाईच आपण सरासरीत घातली. सरी, फळी, ट्रकच्या फाळक्याच्या आडव्या कडा, हे सगळं करकरीत येतं. म्हणजे ऊस जरा पुसट आणि ऊस वाहायची फळी स्पष्ट. मला हा सौदा चालेल.

*

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं, ते.

बीड जिल्ह्यातून, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज अशा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो, टोळी बांधतो. टोळीत किती माणसं, हे माणसांत मोजत नाहीत. कोयत्यांत मोजतात. ‘दहा कोयत्यांची टोळी’ म्हणजे दहा माणसं नव्हेत, दहा जोड्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्याला मिळते, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. खाडा झाला तर तोही कोयत्याच्या हिशेबातून कापला जातो.

दोन पिक्सेल, एक माप. कॅमेऱ्यात बिनिंग यायच्या कितीतरी आधी मुकादमाच्या वहीत ते होतं.

सरासरीत काय बुडतं ते २०१९ मध्ये दिसलं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली. पाळीचे दिवस, दुखणं, खाडा, दंड, आणि मग ‘पिशवी काढून टाका’. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. या बायका आधीही होत्याच. गावात होत्या, फडावर होत्या, मतदार यादीत होत्या. पण त्यांना त्यांच्या कोयत्यापासून वेगळं करून कुणी मोजलं नव्हतं. मोजल्यावर एकदम आकडा उभा राहिला.

म्हणून मी म्हणतो की इथे आडव्या चौकटीला खरं काम आहे. उभी चौकट एका माणसाची असते. मोळीसकट बाई तिच्यात पूर्ण मावते, पण तिचा नवरा मावत नाही. दोघं दिसायचे तर एकमेकांना चिकटवावे लागतात, सेल्फीसारखे. रुंद चौकटीत तो या टोकाला, ती त्या टोकाला, आणि मध्ये अंतर, असं दाखवता येतं. तो तोडतोय. ती वाढं छाटतेय, पाचट काढतेय, कांड्या गोळा करून मोळी बांधतेय, आणि मध्येच उठून सावलीला बांधलेल्या झोळीकडे जाऊन येतेय. एक शॉट, न कापता, दोन मिनिटं ठेवला तरी बघणाऱ्याला आपोआप कळेल की हा एक कोयता नाही. कुणाचं काम थांबतं आणि कुणाचं थांबत नाही, हेही कळेल. त्यासाठी ना बासरी लागते ना ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी.

आणि आमच्या फिल्मा नेमकं उलटं करतात. रुंद चौकट घेतात आणि भिंग पूर्ण उघडून एकालाच फोकसमध्ये ठेवतात. दुसरा, म्हणजे बहुतेक वेळा ती, मागे रंगाचा ठिपका होऊन जाते. सुंदर ठिपका, कबूल. पण वहीने जे केलं तेच भिंगाने केलं. दोन माणसं मावतील एवढी जागा विकत घेतली आणि एकच राहायला आलं.

जमतं, हे मराठी सिनेमानेच दाखवलंय. नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ २०१४ च्या फेब्रुवारीत आला, छायाचित्रण विक्रम अमलाडीचं. पकडलेलं डुक्कर काठीला बांधून कुटुंब घेऊन चाललंय आणि मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा. हा शॉट उभ्या फोनमध्ये होऊच शकत नाही. काठी आडवी आहे, भिंत आडवी आहे, चाल आडवी आहे, आणि पुढचं-मागचं दोन्ही वाचता येतं. मागचं धूसर केलं असतं तर उरलं असतं ते फक्त डुक्कर वाहणारं एक गरीब कुटुंब. त्याच दिग्दर्शकाचा २०१६ चा ‘सैराट’, कॅमेरा सुधाकर रेड्डी यक्कंटीचा. पूर्वार्धात विहीर, ट्रॅक्टर, शेतं, सगळं अंगावर येईल इतकं मोकळं. हैदराबादला गेल्यावर तोच पडदा भिंतींनी भरतो. पडद्याचं माप बदलत नाही आणि तरी श्वास कोंडतो. करमाळ्याच्या त्या शेतांनंतर त्या खोलीत शिरताना आपण काय गमावलं हे कुणी बोलून दाखवायची गरज पडत नाही.

याच्याशी आमच्या शॉर्ट फिल्मांची तुलना अन्यायाची आहे, असं कुणी म्हणेल. पैसा नाही, माणसं नाहीत, कॅमेरा मित्राच्या लग्नाच्या ऑर्डरचा. मान्य. पण मी फोकसबद्दल बोलतोय, आणि भिंग थोडं मिटून दोघांना स्पष्ट ठेवायला एक रुपयाही लागत नाही. दिवसाच्या उन्हात तर नाहीच. पैशाची अडचण ड्रोनला आली नाही आणि नेमकी इथे आली?

मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. आपण बीडचे आहोत आणि बीड कसं दिसतं हे आपल्याला बाहेरच्यांनी सांगितलंय. दुष्काळ, फाटलेली जमीन, रापलेला हात. आपणही तेच काढतो, फक्त भारी भिंगातून. बाहेरचा माणूस एका दिवसासाठी येतो, त्याला हात दिसणारच. आपल्यातल्या अनेकांच्या आया, काकू त्या फडावर गेलेल्या आहेत, कुणी स्वतः कोपीत वाढलेलं आहे. आपल्याला माहीत आहे की आई-बाप एका फडात असून दिवसभर एकमेकांशी किती कमी बोलतात. हे अंतर दाखवायला रुंद पडदाच लागतो, आणि ते आपल्याइतकं कुणालाच माहीत नाही.

*

गेल्या हंगामात मी माजलगावकडे एका फडावर हा एकास तीनचा प्रकार करून पाहिला. जिल्ह्यातून माणसं तोडायला बाहेर जातात, तसा गोदाकाठी आणि धरणाच्या पाण्यावर जिल्ह्यातही ऊस आहेच. टोळीतल्या एका जोडीला विचारलं, ते हो म्हणाले. कॅमेरा तिकाटण्यावर, भिंग बऱ्यापैकी मिटलेलं, दोघं दोन टोकांना. विसाव्या-बाविसाव्या सेकंदाला कार्ड भरून कॅमेरा बंद पडायचा. सात-आठ वेळा झालं. मावशी काम न थांबवता हसत होत्या.

दुपारी भाकरीला बसल्यावर त्या म्हणाल्या, काय काढलं ते दाव. कॅमेऱ्यातच लावलं. ताणलेलं नव्हतं, त्यामुळे दोघं बांबूसारखे.

‘आता गं बया,’ मावशी म्हणाल्या, ‘लईच वाळल्याली दिसायले की मी.’

मी सांगायला लागलो की हे घरी गेल्यावर रुंद करायचं असतं, आत्ता दाबलेलं आहे. काका पडद्यात वाकून बघत होते. ते म्हणाले, ‘तसंच ऱ्हाऊ दे भाऊ, खरं दिसायलंय.’ सगळे हसले. मावशींनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यांनी बोट ठेवलं ते स्वतःवर नव्हे. काका तोडत होते त्याच्या खूप अलीकडे, चौकटीच्या पार कडेला, कार्ड बंद पडायच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत, झोळीतून एक पाय बाहेर आलेला दिसत होता. मी शूट करताना तो पाहिला नव्हता.

‘हे बघा, उठलं व्हतं तवाच,’ त्या काकांना म्हणाल्या. ‘आन तुम्ही म्हन्ले निजलंय.’